सिकलसेल : दोष पायगुणाचा नाही, पेशीतल्या एका अक्षराचा

हातपाय ठणकतात, डोळे पिवळे दिसतात, मुलाच्या अंगात रक्त भरत नाही. विदर्भातल्या आपल्या वस्त्यांना आणि आदिवासी पाड्यांना ही तक्रार नवी नाही. कोणी याला बाहेरची बाधा म्हणतात, कोणी सुनेचा पायगुण काढतात. बुद्धांनी आपल्याला कार्यकारणभाव शिकवला. तेव्हा या दुखण्याचे कारण आपण पेशीत शोधू.

पेशी म्हणजे शरीराचा सर्वांत लहान जिवंत घटक. तिच्याभोवती पातळ पटल असते. काय आत घ्यायचे, काय बाहेर टाकायचे, हे ते ठरवते. आतल्या तंतुकणिका अन्नातून ऊर्जा काढतात, रायबोसोम प्रथिने बनवतात. केंद्रकात डीएनए असतो. कोणते प्रथिन कसे बनवायचे, हे त्यात लिहिलेले असते.

लाल रक्तपेशी मात्र वेगळी. ती हाडांच्या आतल्या मज्जेत तयार होते आणि पक्व होताना आपले केंद्रक बाहेर टाकते. तिच्यात तंतुकणिकाही उरत नाहीत. सगळी जागा प्राणवायू वाहणाऱ्या हिमोग्लोबिनची. एका पेशीत त्याचे सुमारे २७ कोटी रेणू मावतात. ही मऊ चकती बारीक केशवाहिनीतून वाकून निघून जाते आणि सुमारे १२० दिवस जगते.

हिमोग्लोबिन बनवण्याच्या लिखाणात एक अक्षर बदलले की सिकलसेल होतो. त्यामुळे एका ठिकाणी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते. प्राणवायू सोडल्यावर असे रेणू एकमेकांना चिकटून त्यांच्या ताठ काड्या बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. ती केशवाहिनीत अडकली की पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही. तोच तो ठणका. अशी पेशी १० ते २० दिवसांतच फुटते, म्हणून रक्त कमी आणि डोळे पिवळे. हे दुखणे नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी बरे होत नाही.

हे अक्षर आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे येते. एकाच बाजूने बदललेले आले तर माणूस वाहक, म्हणजे एएस. त्याला सहसा काही त्रास नसतो. उलट वाहकाला तीव्र मलेरियापासून थोडे संरक्षण मिळते. म्हणूनच मलेरियाच्या प्रदेशांत हा बदल टिकून राहिला. तो कोणत्याही जमातीवरचा कलंक नाही. दोन्ही बाजूंनी आले तर आजार, म्हणजे एसएस.

नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक मूल होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी मुलाची २५ टक्के. यात आईचा आणि बापाचा वाटा सारखाच. मग बोल एकट्या सुनेला का?

आपण लग्नासाठी कुंडली पाहणे सोडले. आता परिचय मेळाव्यातल्या माहितीपत्रात रक्तगटाखाली सिकलसेलचा अहवालही लिहू या. शासकीय दवाखान्यात आधी सोल्युबिलिटी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीने कळते. अर्धा अहवाल घेऊन घरी थांबू नका. दोघे वाहक असाल आणि लग्न झालेले असेल, तर दिवस राहताच डॉक्टरांना सांगा. गर्भाची तपासणी मोठ्या रुग्णालयात होऊ शकते.

घरात रुग्ण असेल तर भरपूर पाणी, थंडीपासून जपणूक, फॉलिक ॲसिडची गोळी आणि सर्व लसी चुकवू नका. हायड्रॉक्सीयुरिया डॉक्टर सांगतील तसेच घ्या. ताप, छातीत दुखणे, धाप, एकाएकी पांढरे पडणे किंवा अंगाची एक बाजू लुळी पडणे, यांपैकी काहीही दिसले तर भगताकडे वेळ घालवू नका, थेट रुग्णालय गाठा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. ती मेहेरबानी नाही, आपला हक्क आहे.

या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा : आपल्या वस्तीतल्या किती तरुण-तरुणींची तपासणी झाली आहे?