गर्भपाताला माफी नाही, हे कुणी सांगितलं?

‘गर्भपात केलेल्या बाईला ख्रिस्तसभेत माफी नाही. फार तर थेट पोपकडे अर्ज करावा लागतो.’ हे मी वसईत ऐकलंय, मुंबईतल्या धर्मग्रामांत ऐकलंय, आणि एकही मिस्सा न चुकवणाऱ्या माणसांच्या तोंडून ऐकलंय. हे साफ चूक आहे आणि त्यापायी बायका वर्षानुवर्षं झुरत राहतात.

जे खरं आहे ते आधी सांगते. कॅथलिक ख्रिस्तसभा गर्भधारणेपासूनच माणसाचं जीवन पवित्र मानते, गर्भपाताला गंभीर पाप म्हणते. धर्मसंहितेच्या कलम १३९७ मध्ये त्यासाठी आपोआप लागू होणारा बहिष्कारही आहे. लोकांच्या कानावर एवढंच आलेलं असतं. त्याच संहितेची कलमं १३२३ आणि १३२४ कुणी उघडून पाहत नाही. अठरा वर्षं पूर्ण न झालेल्या मुलीला हा आपोआपचा बहिष्कार लागत नाही. गंभीर भीतीपोटी, जबरदस्तीखाली जिने हे केलं तिला लागत नाही. असा काही दंड असतो हे जिला तिचा दोष नसताना ठाऊकच नव्हतं, तिलाही लागत नाही. उलट कलम १३२९ प्रमाणे, ज्यांच्या मदतीशिवाय हे घडलंच नसतं, ते साथीदारही त्या दंडाला पात्र ठरतात. ‘पुन्हा मुलगीच आहे’ म्हणून बायकोला दवाखान्यात नेणारा नवरा आणि ते काम करून देणारा डॉक्टर यांनी हे कलम नीट वाचावं.

प्रत्यक्षात काय दिसतं? कम्युनियनला अख्खा बाक उठतो. ती एकटी पाय आखडून, पर्स छातीशी धरून इतरांना वाट करून देते. जिने तिला भाग पाडलं ती सासू रांगेत पुढे उभी असते. गर्भातल्या जिवाला मोल आहे असं आपण म्हणतो, ते तो देवाच्या प्रतिमेत घडलेला आहे म्हणून. मग ही बाई कुणाच्या प्रतिमेत घडली?

आता माफीबद्दल. पोप फ्रान्सिस यांनी करुणा वर्षासाठी सप्टेंबर २०१५ मध्ये सर्व धर्मगुरूंना या पापाची क्षमा देण्याची मुभा दिली, आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये ती बेमुदत वाढवली. रोमला पत्र नको, बिशपांची भेट नको. साधं पापनिवेदन पुरतं. त्यात बोललेलं बाहेर फोडणारा धर्मगुरू स्वतःच बहिष्कृत होतो.

आणखी काही समज आहेत. आपोआप पडलेला गर्भ म्हणजे पाप नव्हे. त्याचं पापनिवेदन करायचं कारणच नाही. आईला कर्करोग असेल तर गर्भाशय काढायला ख्रिस्तसभा मनाई करते, हेही खोटं. त्यात गर्भ वाचला नाही तरी तो उपचारच असतो. बाप्तिस्म्याविना गेलेली बाळं स्वर्गाबाहेरच राहतात ही ‘लिंबो’ची कल्पना कधीच श्रद्धासिद्धांत नव्हती. अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला जागा आहे, असं व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगाने २००७ मध्ये म्हटलं. सगळ्या चर्चचं मत एकच असतं असंही नाही; अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्टांनी १९७१ मध्ये काही परिस्थितींत गर्भपाताला कायद्याने मुभा असावी असा ठराव केला होता, पुढे त्यांची भूमिका पार बदलली. आणि गर्भपातामुळे स्तनाचा कर्करोग होतो असं सांगणाऱ्या ख्रिस्ती प्रचारकांनी ते थांबवावं. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००३ मध्येच तसा संबंध नसल्याचं स्पष्ट केलं आहे. बाईला घाबरवायला खोटं बोलणं हेही पापच.

‘माफी मिळाली ना, मग आता रडायचं कशाला?’ हा प्रश्न मात्र फार दुखवतो. क्षमा क्षणात मिळते, शोक आपला वेळ घेतो. अशा बायकांसाठी अमेरिकेतल्या मिलवॉकीत १९८४ मध्ये विकी थॉर्न यांनी ‘प्रोजेक्ट रेचल’ सुरू केलं. त्यात धर्मगुरूंच्या जोडीला समुपदेशकही असतात. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ च्या ‘इव्हांजेलियुम विते’ या परिपत्रकात थेट या स्त्रियांशीच बोलून, आशा सोडू नका असं सांगितलं आहे.

आपल्याच फादरांसमोर बोलायला जीभ रेटत नसेल, तर दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये जा. पापनिवेदन कुणाकडे करायचं हे ठरवण्याची मोकळीक कलम ९९१ तुम्हाला देतं.