बाळ वाढते कसे?

तुमच्या घरी लहान मूल आहे का? नसेल, तर शेजारी असेल. आज त्याच्याकडे जरा नीट बघा.

शेतकरी पेरणी करून घरी बसत नाही. तो रोज बांधावर जातो. रोप कुठवर आले, पान पिवळे पडले का, हे बघतो. वेळेवर दिसले, तर उपाय करता येतो. पीक हातचे गेल्यावर बघून काय उपयोग? पिकाला आपण इतके जपतो. मग पोटच्या पोराच्या वाढीकडे तसेच बघायला नको का?

परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या मुलींना ही गोष्ट मुद्दाम शिकवतात. आजारी मुलाला औषध देणे हे त्यांचे एक काम. निरोगी दिसणारे मूल खरोखर नीट वाढते आहे ना, हे ओळखणे हे दुसरे काम. पण परिचारिका मुलाला महिन्यातून एखाद्या वेळी बघते. आई आणि आजी रोज बघतात. म्हणून त्या मुली जे शिकतात, ते आपल्यालाही ठाऊक हवे.

वाढ दोन तऱ्हेची

वाढ दोन तऱ्हेची असते. एक अंगाची वाढ. वजन, उंची, दात. ही मोजून कळते. दुसरी वाढ म्हणजे मुलाला काय काय येऊ लागले ती. मान धरणे, बसणे, चालणे, बोलणे. ही बघून कळते.

आधी अंगाची वाढ बघू.

आपल्याकडे पुऱ्या दिवसांचे मूल जन्मते तेव्हा त्याचे वजन साधारण ३ किलो असते. अडीच किलोपेक्षा कमी असेल, तर त्याला जास्त जपावे लागते. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते. त्याने घाबरू नये. दहा-बारा दिवसांत ते भरून येते. मग हिशेब सोपा आहे. पाच महिन्यांत वजन दुप्पट होते. एका वर्षात तिप्पट होते. दोन वर्षांत चौपट होते. म्हणजे ३ किलोचे मूल पाच महिन्यांचे झाले की ६ किलो, वर्षाचे झाले की ९ किलो, आणि दोन वर्षांचे झाले की १२ किलोच्या आसपास भरते.

जन्मताना मुलाची लांबी सुमारे ५० सेंटिमीटर असते. वर्षाने ती ७५ होते. चार वर्षांनी १००, म्हणजे जन्माच्या दुप्पट होते.

डोक्यावरची टाळू मऊ असते. खूप बाया म्हणतात, तेल घालून टाळू भरावी लागते. तसे नाही. हाडे वाढतात आणि टाळू आपोआप भरते. बहुतेक मुलांची ती ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान भरते. तेलाचा तिथे काही संबंध नाही. पण टाळूकडे लक्ष मात्र ठेवावे. जुलाब होत असताना टाळू खोल गेली, तर अंगातले पाणी आटले असे समजा. तापात टाळू फुगून वर आली, तर तेही वाईट. दोन्ही वेळा मुलाला उचलून थेट दवाखाना गाठा.

कार्डावरची रेघ

आपल्या देशात १९७५ साली एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली. तिच्यातून गावोगाव अंगणवाड्या निघाल्या. तिथे मुलाचे वजन करतात आणि तक्त्यावर ठिपका देतात. ठिपके जोडले की रेघ तयार होते.

ही रेघ वाचायला फार अक्षरे यावी लागत नाहीत. रेघ वर चढत असेल, तर मूल वाढत आहे. रेघ आडवी गेली, तर सावध व्हा. रेघ खाली आली, तर थांबू नका, डॉक्टरला दाखवा. एका ठिपक्यावरून फारसे कळत नाही. रेघ कुठे चालली, हे बघायचे असते. म्हणून दर महिन्याला वजन करायचे.

दंडाची एक पट्टीही असते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या दंडाला ती लावतात. दंड साडेबारा सेंटिमीटर किंवा जास्त भरला तर हिरवा रंग. साडेअकरा ते साडेबारा असेल तर पिवळा रंग. साडेअकराच्या आत असेल तर लाल. लाल म्हणजे मूल फार कुपोषित आहे. अशा मुलाला त्याच दिवशी उपचार हवेत.

वरून खाली, आतून बाहेर

आता दुसरी वाढ. तिचा एक क्रम आहे. तो एकदा समजला की पाठ करावा लागत नाही.

मुलाचा ताबा डोक्याकडून पायांकडे सरकतो. आधी मान, मग पाठ, मग कंबर, शेवटी पाय. म्हणून मूल आधी मान धरते, मग बसते, मग उभे राहते, मग चालते. हाताचेही तसेच. ताबा खांद्याकडून बोटांकडे जातो. चार-पाच महिन्यांचे मूल अख्ख्या पंज्याने खुळखुळा धरते. नऊ-दहा महिन्यांचे मूल अंगठा आणि बोट जोडून जमिनीवरचा चुरमुरा उचलते. आईला वाटते, मेलं काहीही तोंडात घालतंय! पण ती चिमूट मोठी गोष्ट आहे, बरं का. पुढे याच चिमटीत पेन्सिल धरायची आहे.

क्रम बहुतेकांचा सारखा. पण वेळ सगळ्यांची सारखी नसते. जागतिक आरोग्य संघटनेने सहा देशांतल्या निरोगी मुलांची पाहणी केली. त्यात भारत होता. ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिकाही होती. २००६ साली तिचे निष्कर्ष बाहेर आले. त्यात दिसले, की कुणी निरोगी मूल आठ महिन्यांनंतर लगेच चालू लागते, तर कुणी साडेसतरा महिन्यांपर्यंत वेळ घेते. आधाराशिवाय बसण्याची वेळही चार महिन्यांपासून नऊ महिन्यांपर्यंत पसरलेली होती. काही थोडी मुले तर गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. ती तशीच उभी राहिली आणि चालू लागली.

तेव्हा शेजारणीचे मूल दहाव्या महिन्यात चालले, म्हणून आपल्या मुलाला ओढून चालवू नका. चाकांच्या गाडीत बसवून त्याला घरभर फिरवू नका. अशा गाडीमुळे मूल लवकर चालत नाही. उलट पायरीवरून, चुलीजवळ अपघात होतात. कॅनडा देशाने २००४ साली या गाड्यांची विक्रीच बंद केली.

आणखी एक हिशेब लक्षात ठेवा. मूल दोन महिने आधी जन्मले असेल, तर त्याच्या वयातून ते दोन महिने वजा करा. सहा महिन्यांच्या अशा मुलाला चार महिन्यांच्या मापाने बघा. दोन वर्षांचे होईपर्यंत असेच मोजायचे.

‘बापही उशिरा बोलला’

प्रत्येकाची वेळ वेगळी, हे खरे. पण याच वाक्याने घात होतो. तो कसा, ते बघा. असे घर तुमच्याही गावात असेल.

मूल दहा महिन्यांचे आहे. गोरे, गुटगुटीत. वजनाची रेघ छान चढलेली. मूल बसते, रांगते, हसते. दवाखान्याच्या सिस्टर घरी आल्या आहेत.

सिस्टर विचारतात, “ताई, बाळ बा-बा, दा-दा असं काही बोलतं का?”

आई म्हणते, “आधी हूं-हूं करायचा. आता गप्पच असतो.”

आजी मध्येच म्हणते, “अहो बाई, त्याचा बापबी उशिराच बोलला. तीन वर्षांचा झाला तवा तोंड उघडलं. आता गप बस म्हणावं लागतं!”

सगळे हसतात. सिस्टरही हसतात. पण त्या पुढे विचारतात, “मागून हाक मारली तर वळून बघतो का?”

“समोर असलं की बघतो.”

“आणि मागून?”

आई विचारात पडते. आजी म्हणते, “दार आपटलं की दचकतो की!”

“आजी, दार आपटलं की जमीन हादरते. वारा लागतो. ते अंगाला कळतं. कानाला काय कळतं, ते बघू या.”

बाळ आईच्या मांडीवर आहे. समोर आजी बाहुली धरते. सिस्टर हळूच मागे जातात. त्याला दिसणार नाही अशा बेताने, वाटीवर चमचा वाजवतात. एका कानाच्या बाजूला, मग दुसऱ्या. बाळ बाहुलीकडे बघत राहते. पुन्हा वाजवतात. बाळ बघतच नाही.

घरात आता कुणी हसत नाही.

हे नीट समजून घ्या. ऐकू न येणारे मूलसुद्धा पहिले काही महिने हुंकार देते. म्हणून घरच्यांना शंका येत नाही. पुढे बोल फुटायला कानावर बोल पडावे लागतात. ते पडत नाहीत, म्हणून मूल गप्प होते. असे मूल डोळ्यांनी फार हुशार असते. ते चेहरे बघते, खुणा ओळखते. घरच्यांना वाटते, सगळे कळते याला, फक्त बोलत नाही.

वाटीच्या आवाजावरून फक्त शंका येते. खरी तपासणी यंत्राने होते. कानात लहानशी नळी ठेवतात. दुखत नाही. बाळ झोपेत असले तरी चालते. मुलाने बोलून उत्तर द्यावे लागत नाही. म्हणून ही तपासणी जन्मल्यावर काही दिवसांतही करता येते. जाणकार सांगतात, पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू. कारण भाषा शिकायची खरी वेळ पहिल्या काही वर्षांची असते. ती वेळ गेली, की मग दुप्पट कष्ट घेऊनही निम्मेच हाती लागते.

या घरातल्या बाळाला जिल्ह्याच्या रुग्णालयात नेले. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येते, असे निघाले. कानाला यंत्र बसवले. पण यंत्र लावून काम संपत नाही. आवाज म्हणजे काय, हे मुलाला नव्याने शिकावे लागते. आई रोज त्याच्याशी बोलते. भांडे पडले, की “काय वाजलं?” म्हणून दाखवते.

आजी एके दिवशी म्हणाली, “बाप उशिरा बोलला हे खरं हाय. पर बापाला ऐकू येत होतं. आम्ही तेवढंच बघितलं न्हाई.”

मुलाशी काय करावे?

मुलाशी बोला. त्याला कळत नाही, असे म्हणू नका. अंघोळ घालताना, भाकरी थापताना बोला. ते हुंकार देईल, तेव्हा थांबा. मग तुम्ही बोला. यातूनच बोलणे येते.

खेळायला महाग वस्तू लागत नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे, आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. दगड, पाने, शंख, बिया हीच त्यांची साधने होती. तुमच्या घरातली वाटी, डबा, चिंध्यांचा चेंडू मुलाला पुरे. फक्त गिळता येईल अशी बारीक वस्तू हाती देऊ नका.

सहा महिने फक्त आईचे दूध. मग उष्टावण करून मऊ भात, वरण, खिमट सुरू करा. अंगावरचे दूध दोन वर्षे किंवा पुढेही चालू ठेवा.

केव्हा दाखवावे?

खालचे काही दिसले, तर वाट बघू नका.

तीन महिन्यांचे मूल तोंडाकडे बघून हसत नाही.
पाच महिन्यांचे मूल मान धरत नाही.
सहा महिन्यांचे मूल आवाजाकडे वळत नाही.
दहा महिन्यांचे मूल आधाराशिवाय बसत नाही.
वर्षाच्या आतले मूल एकच हात वापरते, दुसरा पडून असतो.
दीड वर्षाचे मूल चालत नाही, किंवा अर्थाचा एकही शब्द बोलत नाही.
दोन वर्षांचे मूल “आई ये”, “पाणी दे” असे दोन शब्द जोडत नाही.
आणि कोणत्याही वयात, आधी येत असलेली गोष्ट मूल विसरू लागले.

यातले काही दिसले, म्हणजे मुलात दोष आहेच, असे नाही. तपासून पुष्कळदा “मूल ठीक आहे” असेच कळते. मग आनंदाने घरी या. एक खेप वाया गेली, तर काय बिघडले?

२०१३ साली आपल्या पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याचे डॉक्टर वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी फुकट होते. पुढचे उपचार लागले, तर जिल्ह्याला पाठवतात. आशाताईंना किंवा अंगणवाडीच्या ताईंना विचारा. त्या वाट दाखवतील.

आणि आईला बोल लावू नका. “तूच काही केलं असशील” असे म्हणून मुलाचा कान बरा होत नाही. उलट आई गप्प बसते, शंका पोटात ठेवते, आणि दिवस जातात. आई म्हणाली, “मला याचं काही वेगळं वाटतं,” तर घरच्यांनी तिचे आधी ऐकावे. सर्वांत जास्त वेळ बाळाकडे तीच बघत असते.

आज संध्याकाळी एवढे करा. बाळाला मांडीवर घ्या. मागून हळूच वाटी वाजवा. बाळ वळले, तर त्याचा पापा घ्या. वळले नाही, तर उद्या परत बघा. उद्याही वळले नाही, तर परवा दवाखान्यात जा.