वाफा उंच केला की वाडी सर्वांची

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीला आपले सामाईक घर म्हटले. त्या घराच्या अंगणात दिव्यांगांना जागा आहे का? आपल्या वसईच्या वाड्यांत वाफे जमिनीलगत असतात. चाकाच्या खुर्चीवरील बांधवाने नुसते पाहत बसायचे. सामाईक बागेत वाफा सुमारे ७५ सेंटिमीटर उंच बांधला, पलीकडपर्यंत हात पोहोचावा म्हणून रुंदी ६० सेंटिमीटरच ठेवली आणि खाली गुडघ्यांना जागा सोडली, तर तोच बांधव स्वतः रोप लावील. वाट रुंद व टणक हवी. रेतीत चाके रुततात. दृष्टिहीनांसाठी सोनचाफा, मोगरा, गवती चहा लावावा. आम्हांस वाटते, धर्मग्रामाच्या आवारातील एक कोपरा यास पुरेल. मात्र आराखडा आखण्यापूर्वी दिव्यांगांनाच विचारावे. नेमके तेच राहून जाते.