पटाचे बैल आणि वावराचे बैल

आमच्या घरात ‘सहल’ या शब्दाचा अर्थ ठरलेला आहे. उन्हाळ्यात चिखलदरा आणि एरवी कोणाचे तरी लग्न. त्यामुळे जानेवारीत दादाचा फोन आला, “तळेगावचा पट हाय, लेकरायले घेऊन या,” तेव्हा प्रथम कोणालाच काही सुचेना. चिरंजीव मात्र उडाले. कन्यका बी.एस्सी.ला आहे, तिने बैलांना पळवून मौज पाहणे तिच्या तत्त्वात बसत नसल्याचे जाहीर केले. सौ.ने “निदान जाऊबाई भेटतील” एवढेच म्हटले आणि तिखटमिठाच्या पुऱ्यांची कणीक भिजवली.

माझा हेतू या तिघांहून निराळा होता आणि तो मी कोणालाही सांगितला नव्हता. आमचे वडिलोपार्जित वावर दादा पाहतो. मी अमरावतीला कॉलेजात मराठी शिकवतो आणि दिवाळीला तुरीची डाळ आणतो. दोन वर्षांपासून मी त्याच्या मागे लागलो होतो की बैल विका, मी निम्मे पैसे घालतो, ट्रॅक्टर घेऊ. तो हो म्हणेना, नाहीही म्हणेना. पटाच्या गर्दीत, खुशीत असताना त्याला गाठावे, म्हणून ट्रॅक्टरची माहितीपत्रके आणि कर्जाचे कागद असलेली फाईल मी गाडीत ठेवली होती.

चांदूर रेल्वे मागे पडले. दोन्ही बाजूंना कापसाची शेवटची वेचणी चालली होती, तुरी वाळायला आल्या होत्या. तळेगाव दशासर जवळ आले तशी मोटारींची, टेंपोंची ही रांग! टेंपोत मात्र माणसे नव्हती, झुली पांघरलेले बैल होते. बैल गाडीत बसून गाडी ओढायला निघालेला पाहून आमची कन्यका प्रथमच हसली.

ज्यांनी शंकरपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. पश्चिम महाराष्ट्रातली बैलगाडा शर्यत निराळी आणि आमचा वऱ्हाडातला पट निराळा. सरळ आखलेली दान, तिच्यावर जोडी सोडायची आणि वेळ मोजायचा, तोही सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. छकडी म्हणजे जेमतेम दोन चाके आणि एक दांडी. झेंडी पडली की पुढचे डोळ्यांना दिसत नाही. धूळ उठते, लोक ओरडतात आणि तुम्ही मान वळवीपर्यंत जोडी पलीकडे पोचलेली असते. चिरंजीवांनी मोबाइलवर चित्रे घेतली. सगळ्यांत नुसती धूळ आली.

मधली काही वर्षे हे सारे बंद होते. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यतींना मनाई केली. २०१७ साली राज्याने कायदा बदलला, पण उच्च न्यायालयाने पुन्हा थांबवले. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती कायम केली. आता तुतारी टोचणे, चाबूक ओढणे यांना बंदी आहे. कन्यकेने हे सर्व आदल्या रात्रीच वाचून ठेवले होते. ती दानीकडे न पाहता धुरकऱ्यांच्या हातांकडे पाहत बसली होती, कुणाच्या हातात काही आहे का म्हणून.

आम्ही गेलो तो दिवस बायांचा होता. तळेगावच्या पटात बायाही जोड्या हाकतात. पदर खोचलेली एक बाई छकडीवर चढली, कासरे हातात घेतले, आणि आमच्या वहिनी, ज्या माझ्यासमोर आजवर मोठ्याने बोलल्या नव्हत्या, त्या उभ्या राहून ओरडल्या, “हान वं बाई, हान!” कन्यका त्यांच्याकडे पाहतच राहिली. पुढच्या जोडीला तीही उभी होती. तिचे तत्त्व बदलले असे मी म्हणणार नाही. परतताना तिने पशुवैद्यक तपासणीबद्दल दादाला वीस प्रश्न विचारले.

जेवणे झाल्यावर मी दादाला बाजूला घेतले. जोड्या बांधल्या होत्या तिकडे आम्ही फिरत होतो. वर्ध्याकडचा पांढरा, हलक्या अंगाचा गवळाऊ त्याने मला ओळखायला शिकवला. पटाच्या बैलांना दूध, बदाम, अंडी असा खुराक असतो. वखराला ते जुंपत नाहीत. मी म्हणालो, विलायतेत शायर नावाचे टनभर वजनाचे घोडे नांगराला असत. ट्रॅक्टर आले, घोडे गेले; आता ते मुख्यतः जत्रेत मिरवायला पाळतात. आपल्याकडेही तसेच होणार.

दादा थांबला. “हे मिरवाचेच हायेत,” तो म्हणाला. “पटाचा बैल धा सेकंद पयते. माहे बैल दिवसभर वखरात चालते. त्यायले कोनी टाळ्या वाजवत नाई.”

मग त्याने मला समजावले, एखाद्या ढ विद्यार्थ्याला समजवावे तसे. नांगरटी तो भाड्याच्या ट्रॅक्टरनेच करतो, चार वर्षांपासून. पण कपाशी गुडघाभर आली की दोन ओळींतून डवरे न्यायला बैलच लागतो. तिथे ट्रॅक्टर घातला तर पीकच मोडते. आणि आपली काळी जमीन. पावसाची झड लागून उघडली की तिच्यात ट्रॅक्टर रुततो, बैल दुसऱ्या दिवशी चालतो. तेवढ्या दोन दिवसांत तण डोक्यावर येते. मी वर्गात डवरा, वखर, तिफण हे शब्द समजावून सांगतो. मात्र डवऱ्यात आणि वखरात फरक काय, हे त्या दिवशी त्याने विचारले असते तर माझी पंचाईत झाली असती. त्याने विचारले नाही.

“आन् एक सांगतो,” तो जरा वेळाने म्हणाला. “तू म्हनतं म्हनून म्या व्यापारी आनला होता घरी. धाकट्याले भाव चांगला देत होता. म्हाताऱ्याले हातच लावे ना. म्हने, दोन वर्साचा धनी हाय. म्या म्हटलं, मंग रायू दे.”

माझ्या फोनवरच्या वादापायी व्यापारी आमच्या गोठ्यापर्यंत येऊन गेला होता, हे मला ठाऊक नव्हते. वहिनींनी नंतर सौ.ला सांगितले, त्या रात्री दादा जेवला नव्हता.

शेवटच्या जोड्या बाकी होत्या, बक्षिसे जाहीर व्हायची होती. गर्दी पुढे सरकत होती आणि दादा उलटा, बाहेर निघाला होता. चिरंजीव कुरकुरले, “मोठेबाबा, निकाल तर पाहू!”

“तुमी पाहा,” दादा म्हणाला. “मले बैलायले पानी दाखवाचं हाय.”

त्याला गावापर्यंत सोडायचे म्हणून मी गाडीचे दार उघडले. पुढच्या सीटवर फाईल होती. ती उचलून मी मागे, रिकाम्या डब्यांच्या पिशवीखाली सारली.