दप्तर तपासणारा न्यायाधीश

अपील करायचे तर काय काय लागते? निकालाची नक्कल, कोर्ट फी, वकील, जाण्यायेण्याचा खर्च आणि मुदत कधी संपते याचे भान. दीडशे वर्षांपूर्वी पारनेर-श्रीगोंद्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याजवळ यातले काहीच नव्हते. बहुतेक वेळा आपल्यावर दावा झाला हेच त्याला उशिरा कळे. तारखेला तो हजर नसे, हुकूमनामा एकतर्फी होई आणि बेलिफ दारात उभा राहिला की मग कोर्ट म्हणजे काय ते समजे. अशा माणसाला ‘वरच्या कोर्टात जा’ सांगण्यात अर्थ नव्हता. म्हणून १८७९ साली सरकारने उलटा मार्ग काढला. पक्षकार वर जात नसेल, तर वरच्या न्यायाधीशानेच खाली उतरून निकाल तपासावेत, असा तो मार्ग. या कामावरच्या अधिकाऱ्याला ‘स्पेशल जज्ज’ म्हणत. १८८७ ते १८९३ ही जागा महादेव गोविंद रानडे यांच्याकडे होती.

या पदामागे दंग्याचा इतिहास आहे. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचे दिवस आले, सावकारांनी सैल हाताने कर्जे दिली. १८६५ नंतर भाव कोसळले, सारा मात्र वाढला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात भडका उडाला आणि पुढच्या काही दिवसांत तो नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदा, नगर आणि कर्जत या तालुक्यांत पसरला. नगर जिल्ह्यात ३९२ जणांना अटक झाली, २०० जणांना शिक्षा झाली. लोकांनी माणसे फारशी मारली नाहीत. त्यांना हवी होती सावकाराच्या घरातली कागदपत्रे. खते, रोखे, हुकूमनामे चौकात आणून जाळले गेले. आपल्याला कागदाने बुडवले आहे हे अक्षरशत्रू शेतकऱ्याला नेमके कळले होते.

हा कागद कसा वाढे ते पाहण्यासारखे आहे. समजा, ५० रुपयांचे खत आहे आणि व्याज दरमहा शेकडा दोन. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने दावा तीन वर्षांत लावावा लागे, म्हणून तीन वर्षे भरत आली की सावकार खत बदलून घेई. ५० चे व्याज झाले ३६, नवे खत ८६ चे. पुढच्या तीन वर्षांनी ते १४८ च्या घरात, त्यापुढच्या तीन वर्षांनी अडीचशेवर. मधे शेतकऱ्याने घातलेली ज्वारी, तूप, कडबा वहीत जमा झाला तर झाला. कोर्टापुढे येई ते शेवटचे अडीचशेचे खत, खाली सही किंवा निशाणी, शेजारी दोन साक्षीदार. मुन्सफ कायद्याने वागे आणि सही खरी ठरली की हुकूमनामा देई. मूळ ५० रुपयांचा त्या दाव्यात उल्लेखही नसे.

दंग्याच्या चौकशी आयोगानंतर पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी ‘डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट’ आला. त्याने मुन्सफाला नवे काम लावले. शेवटच्या खतावर थांबू नको, व्यवहाराच्या मुळाशी जा, पहिल्यापासून हिशेब घे. व्याज मुदलाहून जास्त धरू नको, म्हणजे आपली जुनी दामदुपटच. रक्कम हप्त्यांनी फेडू दे. कर्जासाठी शेतकऱ्याला कैदेत घालू नको, आणि गहाण नसलेल्या जमिनीला हात लावू नको. लहान दाव्यांत अपीलच काढून टाकले. त्याऐवजी हुकूमनाम्यांची दप्तरे मागवून तपासायची, अन्याय दिसला तर फिरवायचा, हा अधिकार स्पेशल जज्जाला दिला. कोणी अर्ज करण्याची वाट पाहण्याचे त्याला कारण नव्हते.

रानड्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ चा, निफाडचा, बालपण कोल्हापूरचे. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी ते एक. १८७१ मध्ये ते पुण्यात फर्स्ट क्लास सबजज्ज झाले. सार्वजनिक सभेच्या कामामुळे सरकारचा त्यांच्यावर डोळा होता. आधी नाशिकला बदली झाली, आणि १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या वेळी धुळ्याला. तिथे त्यांची टपालसुद्धा तपासली जात असे. संशय फिटल्यावर याच रिलीफ ॲक्टखाली तेव्हाचे स्पेशल जज्ज डॉ. पोलन यांचे साहाय्यक म्हणून त्यांनी कोर्टे तपासली आणि पोलन यांच्यानंतर ते स्वतः स्पेशल जज्ज झाले.

या कामात वकिलांची भाषणे जवळजवळ नसतच. असत ती दप्तरे: दावा, जबाब, निशाणी घातलेली खते, वहीचे उतारे, रोजनामा. समन्स खरोखर बजावले होते का? जबाब शेतकऱ्याचा आहे की दुसऱ्याच कोणी भरलेला? मुन्सफाने हिशेब मुळापासून घेतला, की शेवटच्या खतावर शिक्का मारून मोकळा झाला? हे सगळे कागदातून हुडकायचे. विद्यार्थिदशेतच रानड्यांचे डोळे बिघडले होते, बरेचसे वाचन दुसऱ्याकडून करवून घ्यावे लागे. तरी त्यांनी हे काम केले ते चारही जिल्ह्यांत फिरून. या फिरतीच्या दिवसांचे चित्र त्यांच्या पत्नी रमाबाईंच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात आहे.

कायद्याच्या मर्यादाही दप्तरातच दिसू लागल्या. हिशेब मुळापासून होतो म्हटल्यावर सावकार गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले; कागदावर विक्री, तोंडी बोली मात्र पैसे फेडल्यावर जमीन परत देण्याची. अखेर पुढे, खरेदीखत मुळात गहाणच होते हे तोंडी पुराव्याने दाखवण्याची मुभा कायद्यात घालावी लागली. कोर्टाने सावकाराला आवरले तरी पुढच्या पेरणीला पैसा कोण देणार, हा प्रश्न उरतोच, हे रानडे ओळखून होते. शेतीच्या पतपुरवठ्यावर, प्रशियातल्या जमीन-कायद्यांवर त्यांनी लिहिले ते या अनुभवाला धरूनच. त्याचे उत्तर पुढे सहकाराने शोधले आणि नगर जिल्ह्यातच, लोणीला, विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या साथीने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा केला.

न्या. काशिनाथ त्र्यंबक तेलंग वारले आणि त्यांच्या जागी नोव्हेंबर १८९३ मध्ये रानडे मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले. १६ जानेवारी १९०१ ला मृत्यू येईपर्यंत ते त्या पदावर होते. सन्मान मोठा, पण काम वेगळे. आता दप्तर मागवायचे नव्हते. जो अपील घेऊन येईल त्याचेच ऐकायचे होते. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांचा जामीन अर्ज पार्सन्स आणि रानडे यांच्यापुढे आला तेव्हा तो नामंजूर झाला. जामीन नंतर न्या. बद्रुद्दीन तय्यबजींनी दिला. रानड्यांच्या चरित्रातला हा प्रसंग आजही बोचतो.

नगरच्या पक्षकाराला पुढे कितीतरी वर्षे उच्च न्यायालय म्हणजे मुंबईच होते. २७ ऑगस्ट १९८१ रोजी मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांच्या आदेशाने औरंगाबादला न्यायमूर्ती बसू लागले. त्या आदेशाला आव्हान दिले गेले, उच्च न्यायालयात तो टिकला नाही, सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये उचलून धरला. १९८४ पासून खंडपीठ कायम झाले. आज नगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा, त्याच खंडपीठाखाली येतो आणि सकाळची एसटी धरून तारखेला पोचता येते.

अंतर कमी झाले, पण पहिले पाऊल पक्षकारालाच टाकावे लागते. दुसऱ्या अपिलात तर कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न दाखवल्याशिवाय ते दाखलच करून घेत नाहीत. खालच्या कोर्टांवर देखरेखीचा अधिकार संविधानाने उच्च न्यायालयाला दिला आहे, तरी व्यवहारात कोणीतरी अर्ज केल्यावाचून फाइल हलत नाही. १८७९ च्या कायद्यात दोष पुष्कळ होते आणि तो परक्या सरकारने दंग्याच्या धास्तीने केला होता. पण त्याने एक गोष्ट गृहीत धरली होती: ज्याच्यावर सर्वांत जास्त अन्याय होतो, तोच बहुधा अपील करत नाही. नगर जिल्ह्यात आजही जो एकतर्फी निकाल घेऊन गप्प बसतो, त्याचे दप्तर स्वतःहून मागवणारे पद आपल्याकडे उरलेले नाही.