वर्गणीतून उभा राहिलेला ससेक्स

रणजी करंडकामुळे ‘ससेक्स’ हे नाव आपल्या ओळखीचे. 1895 मध्ये लॉर्ड्सवर एमसीसीविरुद्ध रणजितसिंहजींनी याच काउंटीकडून पहिल्या सामन्यात नाबाद 77 आणि 150 धावा केल्या. इंग्लंडमधला हा सर्वांत जुना काउंटी क्लब. तो एखाद्या उमरावाने काढला असेल, असा माझा समज होता. त्याचा इतिहास धुंडाळू लागलो आणि हा समज निम्माच खरा निघाला.

सुरुवात उमरावांचीच. 1727 मध्ये रिचमंडच्या दुसऱ्या ड्यूकने सामन्याच्या अटी कागदावर लिहून घेतल्या. क्रिकेटचे हे सर्वांत जुने लेखी नियम. पण आश्रयावर वाढलेला खेळ आश्रयदात्यासोबतच ओसरतो. 1750 मध्ये ड्यूक वारले आणि ससेक्सच्या क्रिकेटला उतरती कळा लागली.

त्याला पुन्हा उभारी दिली ती कष्टकरी खेळाडूंनी. विल्यम लिलीव्हाइट हा विटांच्या कामातला माणूस. त्या काळी चेंडू कमरेखालून टाकायचा दंडक होता. लिलीव्हाइट आणि जेम्स ब्रॉडब्रिज मात्र हात बाजूला लांबवून, वर नेऊन चेंडू टाकत. ही गोलंदाजी पारखण्यासाठी 1827 मध्ये ससेक्स आणि इंग्लंड यांच्यात तीन सामने झाले. पहिले दोन ससेक्सने जिंकले, तेव्हा इंग्लंडच्या काही खेळाडूंनी तिसरा सामना खेळण्यासच नकार दिला. पुढे ते माघार घेऊन खेळले आणि जिंकलेही. अखेर 1835 मध्ये खांद्याच्या उंचीपर्यंत हात नेण्याची मुभा नियमाने दिली. आधी मैदान बदलले, मग कायदा!

पण गुणी खेळाडू असले तरी सामन्यांचा खर्च कोण करणार? 1836 मध्ये ‘ससेक्स क्रिकेट फंड’ सुरू झाला, आणि त्यातूनच 1 मार्च 1839 रोजी काउंटी क्लब जन्मला. गणेशोत्सवाची वर्गणी गोळा केलेल्यांना याचे मोल सांगायला नको. एकाची मर्जी फिरली तर सगळेच बुडते. अनेकांच्या वर्गणीला तसे भय नसते.

1872 पासून हा क्लब होव्हच्या ईटन रोडवर आहे. तिथे पूर्वी बार्लीचे शेत होते. जुन्या ब्रुन्सविक मैदानाची हिरवळ उचलून तिथे बसवली गेली. काउंटी अजिंक्यपद मात्र पहिल्यांदा मिळाले ते 2003 मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर 164 वर्षांनी. एवढी वाट एखाद्या ड्यूकने पाहिली असती का, असे मला राहून राहून वाटते.