सैल लगामाची शिकवण

बर्लिनमध्ये १९०४ साली एका घोड्याने भल्याभल्यांना कोड्यात टाकलं होतं. त्याचं नाव हान्स. विल्हेल्म फॉन ऑस्टेन हे निवृत्त गणितशिक्षक त्याला अंगणात उभं करून बेरीज-वजाबाक्या विचारत आणि हान्स खूर आपटून उत्तर देई. लबाडी शोधायला नेमलेल्या समितीला लबाडी सापडली नाही. पुढे ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकाने चिकाटीने प्रयोग केले, तेव्हा उलगडा झाला. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्सचं गणित कोलमडत होतं. मोजणी सुरू झाली की विचारणारा नकळत किंचित पुढे झुके आणि बरोबर आकडा आला की त्याचं डोकं केसभर वर येई. हान्स ते वाचत होता. फुंग्स्टचा हा अभ्यास १९०७ साली प्रसिद्ध झाला आणि मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत कायमचा जाऊन बसला.

घोडेस्वारीच्या वर्गात मात्र ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. खरं तर ती पहिल्या दिवशी सांगायला हवी. समोर उभ्या माणसाच्या डोक्याची केसभर हालचाल जो प्राणी टिपतो, त्याच्याच पाठीवर आपण मांड टाकतो. मग आपली कंबर, मांड्या, टाचा आणि हात यांतून त्याला अखंड काहीतरी सांगत राहतो. त्यातलं हवं ते आणि नको ते असा निवाडा घोडा करत नाही. तो सगळंच शिकतो. घोड्याच्या ‘खोडी’ म्हणून ज्यांची तक्रार होते, त्यांतल्या बहुतेक अशाच कुणीतरी नकळत शिकवलेल्या असतात. उरलेल्यांच्या मुळाशी बहुधा दुखणं असतं.

घाई कुठे नडते

दोन वर्षांचं शिंगरू दिसायला जवळजवळ पूर्ण घोडा असतं. फसगत तिथेच होते. हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या चकत्या खालून वर, टप्प्याटप्प्याने पक्क्या होतात. पायाच्या खालच्या हाडांचं काम लवकर उरकतं. पुढच्या गुडघ्यावरच्या हाडाला दोन-अडीच वर्षं लागतात, आणि पाठीचे मणके सर्वांत शेवटी, पाच-सहा वर्षांच्या सुमारास पक्के होतात. म्हणजे ज्या भागावर आपण बसतो, तोच सगळ्यात उशिरा तयार होतो.

तोंडाचीही तीच गत. पुढचे दुधाचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या आसपास पडून नवे येतात. बाजारात घोड्याचं वय दातांवरून सांगतात ते याच हिशेबावर. पण ज्या काळात हिरड्या हुळहुळ्या असतात, नेमक्या त्याच काळात आपण तोंडात लोखंड घालतो. तेव्हा डोकं झटकणारं शिंगरू दांडगट आहे असं ठरवण्याआधी त्याचं तोंड उघडून पाहावं.

व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये लिपिझानर जातीचे घोडे साधारण चार वर्षांचे झाल्यावर शिक्षणाला घेतात आणि पूर्ण शिक्षणाला सहाएक वर्षं देतात. पहिलं वर्ष जवळजवळ फक्त सरळ रेषेत, मोकळ्या चालीने पुढे जाण्यात जातं. प्रेक्षक टाळ्या वाजवतात त्या उड्या फार पुढच्या. तिथल्या नव्या स्वारालाही आधी लांब दोरावर गोल फिरणाऱ्या जाणत्या घोड्यावर बसवतात, रिकिबीशिवाय आणि हाती लगाम न देता. आधी मांड पक्की, मग लगाम. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पहिल्या तासालाच लगाम हातात मिळतो. मग नवशिक्या त्यालाच धरून तोल सावरतो, आणि त्याच्या तोलाचा भार घोड्याच्या हिरडीवर पडतो. पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या बिनदातांच्या जागी कडियाळ बसतं. तिथे हाडावर पातळ कातडीखेरीज काही नसतं.

दाब आणि सुटका

घोड्याला इशारे कळतात ते दाबातून. टाचेचा दाब म्हणजे पुढे हो, लगामाचा दाब म्हणजे आवर. पण दाबाने घोडा शिकत नाही, दाब थांबतो त्या क्षणाने शिकतो. पाऊल पुढे पडताच टाच सुटली, तर ‘पाऊल टाकलं की सुटका होते’ हे त्याला समजतं. डोकं वर झटकल्यावर लगाम सैल झाला, तर डोकं झटकणं हेच उत्तर म्हणून तो पाठ करतो. आणि काहीही केलं तरी दाब सुटत नसेल, तर दाबाला अर्थच नाही हे त्याला कळून चुकतं. इथे क्षणभराचा उशीरही फार होतो, कारण तेवढ्यात घोडा भलतंच काहीतरी करतो आणि सुटका त्याच्या खात्यावर जमा होते.

गेल्या काही दशकांत घोड्यांच्या शिक्षणाचा शास्त्रीय अभ्यास वाढला, २००७ साली त्यासाठी आंतरराष्ट्रीय संस्थाही उभी राहिली. पण यातलं मर्म जुनंच आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफोनने घोडेस्वारीवर ग्रंथ लिहिला. रागात घोड्याला हात लावू नये, असं त्याने बजावलं. बुजलेल्या घोड्याला मारलं तर ज्या वस्तूला तो बुजला तिच्यामुळेच आपल्याला वेदना झाली असं त्याला वाटतं आणि भीती दुप्पट होते, हेही त्याने नोंदवलं. आपल्याकडे कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये वाजिवाह्याली विनोदाला, म्हणजे घोडे फिरवण्याला आणि घोड्यावरून चेंडू खेळण्याला, स्वतंत्र जागा आहे.

मधल्या काळात गाडी उलटीही गेली. नेपल्सच्या फेदेरिको ग्रिझोनेचं १५५० सालचं पुस्तक युरोपभर गाजलं, आणि त्यात शिक्षांचा सुकाळ आहे. पुढे फ्रान्समध्ये राजा तेराव्या लुईचे शिक्षक आंत्वान द प्लुव्हिनेल यांनी मायेची बाजू उचलून धरली, आणि १७३३ साली ला गेरिनिएर यांनी सावकाश, अंग मोकळं करत नेणारी पद्धत ग्रंथात मांडली. व्हिएन्नाची शाळा आजही त्यांनाच गुरू मानते.

पहिलं खोगीर

शहाणा चाबुकस्वार खोगिराचं काम शिंगरू आईजवळ असतानाच सुरू करतो. म्होरकी घालून घेणं, चारही पाय उचलू देणं, खरारा सोसणं, नालबंदासमोर उभं राहणं, हे सगळं शिक्षणच. दोराला हलका ताण द्यायचा आणि पाऊल पुढे पडताच दोर सैल सोडायचा. पुढे लगामाचा जो धडा यायचा, त्याची बाराखडी इथेच गिरवली जाते.

तिसऱ्या वर्षाच्या आसपास काव्यावर फिरवणं येतं. लांब दोराच्या टोकाला घोडा मोठ्या वर्तुळात चालतो, दुडकी धरतो, आवाजावर थांबतो. वर्तुळ मोठं आणि वेळ थोडा असावा, कारण लहान फेऱ्यांत कोवळ्या सांध्यांना पीळ बसतो. खोगीर आधी हुंगू द्यायचं, मग पाठीवर नुसतं कापड, मग खोगीर, आणि तंग एकेक भोक करत आवळायचा. करकचून आवळलेला पहिला तंग घोडा जन्मभर विसरत नाही. पुढे खोगीर दिसलं की तो पोट फुगवतो किंवा चावायला धावतो. स्वारही आधी पाठीवर आडवा पोटावर टेकतो, आणि घोडा शांत राहिला तरच पाय पलीकडे टाकतो. पहिले काही आठवडे सरळ वाट, सोबतीला जाणता घोडा, आणि दुडकीत पाठीला विसावा मिळावा म्हणून स्वाराचं एकाआड एक ठोक्याला उठणं, एवढंच पुरे.

ओझ्याचं भान इथेच यावं. अमेरिकेतल्या ओहायोमध्ये झालेला आणि २००८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की स्वार आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या २५ ते ३० टक्क्यांवर गेलं, की स्नायू दुखावल्याची आणि हृदयाचे ठोके वाढल्याची लक्षणं दिसू लागतात. म्हणून २० टक्क्यांची मर्यादा पाळतात. ४०० किलोंच्या घोड्याला ८० किलो, तर २५० किलोंच्या तट्टाला ५० किलो. भीमा खोऱ्यातल्या ज्या भीमथडी तट्टांवर मराठ्यांचं घोडदळ दौडलं, ती लहान चणीचीच होती, आणि त्या फौजेची ख्याती हलक्या सामानानिशी चालण्याची होती. आज थंड हवेच्या ठिकाणी तसल्याच तट्टावर ९० किलोंचे पर्यटक बसतात. भारतात १९६५ च्या नियमांनी तट्टाच्या पाठीवर लादायच्या ओझ्याला ७० किलोंची मर्यादा घातली आहे, ती मात्र कुणाच्या गावी नसते.

खोडी आणि त्यांचे धनी

पहिली तक्रार असते, ‘घोडा लगाम ओढतो.’ ओढायला दोन टोकं लागतात. हात सतत ताणलेला असेल, तर घोडा त्यावर मान टेकून चालायला शिकतो. मुंबई-पुण्याच्या शर्यतींतून निवृत्त झालेले कितीतरी घोडे पुढे रायडिंग क्लबांत येतात. शर्यतीत लगामावरचा घट्ट हात म्हणजे ‘धाव’ हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. घाबरलेला नवशिक्या लगाम घट्ट धरतो, पोटऱ्या आवळतो, आणि घोडा इमानदारीने वेग वाढवतो. इथे उपाय ताकदीचा नाही. लगाम क्षणभर धरायचा, घोडा जरा जरी आवरला की बोटं सोडायची, पुन्हा धरायचा. जोडीला वर्तुळं आणि वळणं, म्हणजे वेग आपोआप मोडतो.

दुसरी तक्रार याच्या उलट, ‘टाच मारून मारून पाय दुखले, घोडा हलत नाही.’ दर पावलाला बसणारी टाच घोड्याला टपटपणाऱ्या नळासारखी होते; काही वेळाने ती ऐकूच येत नाही. हलका इशारा एकदाच द्यावा. उत्तर आलं नाही, तर लगेच पुरेसा ठळक. उत्तर आलं की पाय गप्प. माथेरान-महाबळेश्वरच्या घोड्यांना आपण ‘मठ्ठ’ म्हणतो. तासातासाला बदलणाऱ्या अनोळखी हातांनी ओढून आणि टाचा मारून घेतल्यावर बहिरं होणं हाच त्यांनी शोधलेला बचाव आहे. ते घोडेवाल्याच्या चालण्याकडे लक्ष ठेवतात, आणि त्यांचं बरोबरच आहे.

बुजण्याचं कारण पुष्कळदा घोड्याच्या नजरेत असतं. डोळे दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सभोवार दिसतं. मात्र कपाळाच्या अगदी समोर आणि शेपटामागे थोडा आंधळा पट्टा राहतो. प्लास्टिकची पिशवी एका डोळ्यातून दुसऱ्यात गेली, तर ती त्याला नवी वाटू शकते. त्याला फरफटत वस्तूजवळ नेऊ नये. जिथे तो शांत उभा राहतो तिथे थांबावं, श्वास सोडावा, आणि तो एक पाऊल टाकेल तेव्हा लगाम सैल करावा. बुजलेला घोडा पाहून स्वाराने अंग आखडलं, तर धोका खरा असल्याची पावतीच त्याला मिळते.

काही घोडे फाटकापाशी आले की पागेकडे वळतात. रोज फेरी फाटकापाशीच संपते, म्हणून फाटक हेच बक्षीस ठरतं. पागेजवळ थोडं काम वाढवावं आणि उतरावं मैदानाच्या दूरच्या टोकाला. माणसात डावखुरेपणा असतो तसा घोडाही जन्मतः एका अंगाचा असतो. एका वळणावर तो वाकतो, दुसऱ्यावर लाकूड होतो. आखडलेली बाजू जोराने ओढून वाकत नाही. दोन्ही हातांवर सारखी, मोठी वर्तुळं करत ती हळूहळू मोकळी होते. ला गेरिनिएर यांनी खांदा किंचित आत घेऊन तिरपं चालवण्याचा व्यायाम रूढ केला, तो याच कामी येतो.

सर्वांत धोक्याचं म्हणजे मागच्या पायांवर उभं राहणं. टाच ‘चल’ म्हणते आणि लगाम ‘थांब’ म्हणतो. पुढचा-मागचा दोन्ही रस्ते बंद झाले, की घोड्याला वरचाच उरतो. अशा वेळी लगाम ओढला तर घोडा पाठीवर उलटू शकतो. हात पुढे द्यावे, अंग मानेवर झुकवावं, पाय टेकताच पुढे चालवावं. त्यानंतर तो घोडा हौशी स्वाराने हाती न घेता जाणत्या शिक्षकाकडे आणि पशुवैद्याकडे सोपवावा.

दांडगाई की दुखणं

पशुवैद्यक स्यू डायसन यांच्या गटाने २०१८ साली स्वाराखालच्या घोड्याच्या २४ वर्तनांची यादी मांडली. कान मागे टाकणं, तोंड उघडं ठेवणं, शेपूट झटकणं, डोकं तिरपं धरणं अशी ती वर्तनं. त्यांतली आठ किंवा अधिक दिसली, तर हाडा-स्नायूंत वेदना असण्याची शक्यता बरीच असते. या यादीतलं जवळजवळ प्रत्येक लक्षण आपल्या मैदानांवर ‘नखरे’ या एका शब्दात निकालात निघतं.

आणि नखरे मोडायला काय वापरतात? नाकपट्टा. त्याच्याखाली दोन बोटं सहज जावीत असा जुना दंडक आहे. युरोपातल्या स्पर्धांत ७५० घोड्यांची मोजणी झाली, तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. ४४ टक्के घोड्यांच्या पट्ट्याखाली एक बोटही जात नव्हतं. दोन बोटांची जागा फक्त ७ टक्क्यांना होती. तोंड बांधलं की तोंड उघडण्याची तक्रार संपते, दुखणं तसंच राहतं. आपल्याकडे याहून क्रूर अवजार आहे, ते म्हणजे काटेरी कडियाळ. त्याच १९६५ च्या नियमांनुसार त्यावर बंदी आहे. तरी वरातीत घोडा ‘नाचवायला’ ते अजून कुठे कुठे निघतं, आणि जबड्याच्या वेदनेने पाय आपटणाऱ्या घोड्यावर लोक नोटा ओवाळतात.

२०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं, तेव्हा चौघांत मुंबईचा हृदय छेडाही होता. ड्रेसाजमध्ये घोड्याच्या चालीचा मोकळेपणा जोखतात आणि स्वाराचा इशारा जितका दिसेनासा तितका चांगला मानतात. या चौघांचं शिक्षण युरोपात झालं. असं शिकवणारी माणसं इथे तयार करायची, तर आधी त्यांच्या कामाला दाम मिळायला हवा, आणि त्याची सुरुवात बाजारात होऊ शकते.

तापीकाठच्या सारंगखेड्यात दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. घेणारे दात पाहतात, रंग पाहतात, भोवरे पाहतात, चाल पाहतात. त्यात तीन गोष्टींची भर घालावी. विकणाऱ्याला म्हणावं, लगाम सैल सोडून चालवून दाखव. मग थांबव, आणि सैल लगामावरच घोडा उभा राहतो का ते दाखव. शेवटी घोड्याच्या ओठांचे कोपरे उचलून जखमांचे वण तपासावेत. या तीन कसोट्यांना उतरलेल्या घोड्याला चार पैसे जास्त मिळू लागले, तर ते घोड्याच्या रूपाबरोबरच त्याच्या चाबुकस्वाराच्या हातालाही मिळालेले असतील. मग पुढचं शिंगरू घाईने मोडण्यापेक्षा वेळ देऊन घडवणं त्यालाही परवडेल.